यकृताचे औषध आणि आपली वाट

(माघ पौर्णिमेच्या यात्रेत कचारगडाच्या पायथ्याशी, धनेगाव येथील समाजमेळाव्यापुढे केलेले भाषण)



या मेळाव्यात बोलण्याचा मान आम्हांस पूर्वीही मिळाला आहे. त्या त्या वेळी आम्ही मुलींचे शिक्षण, लग्नातील खर्च, गोंडी भाषेचे जतन अशा विषयांवर बोललो, आणि आपणही ते सोसून घेतले. यंदा कार्यवाहांनी ‘शिक्षण आणि समाज’ हा विषय लिहून पाठविला होता. तो बदलून घ्यावा अशी विनंती आम्ही केली तेव्हा ते किंचित बुचकळ्यात पडले. शाळामास्तराने औषधावर का बोलावे, असे त्यांना वाटले असणार. त्यांचे वाटणे गैर नव्हते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो, वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. तथापि जी गोष्ट आम्ही कित्येक वर्षे चारचौघांपासून लपवून ठेवली ती सांगण्यास या गडाहून योग्य जागा दुसरी नाही, असे मनाने घेतले.

आमच्या रक्तात हिपॅटायटिस बी या काविळीचे विष आहे. आम्ही रोज रात्री एक गोळी घेतो आणि बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल. हे वाक्य उच्चारावयास आम्हांस इतकी वर्षे लागली. आता ते उच्चारले गेले आहे, तेव्हा पुढचे बोलणे सोपे होईल.

या गडाची कथा आपणांस ठाऊक आहे. गुहेच्या तोंडाशी शिळा लागली, आत काली कंकालीची मुले कोंडली गेली, आणि लिंगोंच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर यांनी ती शिळा हलविताना आपला देह ठेवला. लहानपणी ही कथा ऐकताना आमच्या मनात एक शंका येई. बाहेर अन्न होते, पाणी होते, माणसेही होती. मग आतली मुले उपाशी का राहिली? कारण मध्ये एक दगड होता. आमच्या आजाराच्या औषधाचे अगदी असेच झाले आहे. औषध निघाले आहे, स्वस्त झाले आहे, सरकार ते फुकटही देते. आणि तरीही आपल्या वस्तीतील माणूस त्यावाचून राहतो. मधला दगड कोणता, एवढेच आज पाहावयाचे आहे.

२०१८ सालच्या स्वातंत्र्यदिनी रक्तदानाचे शिबिर होते. सेवानिवृत्त होऊन आम्हांस वर्ष झाले होते, प्रकृती ठणठणीत होती, आणि आपण पुढे झालो तर तरुण मुले पुढे होतील या हेतूने आम्ही हात पुढे केला. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. दान केलेले प्रत्येक रक्त पाच रोगांकरिता तपासले जाते, त्यांपैकी एकात आमचे रक्त अडकले होते. आम्ही म्हणालो, “आम्हांस तर काहीच होत नाही.” तेथील डॉक्टर शांतपणे म्हणाले, “हा आजार होतो तेव्हा काहीच होत नाही, हेच त्याचे वाईट आहे.”

घरी परत येताना आम्हांस थोरल्या बंधूंची आठवण झाली. ते १९९४ साली जलोदराने गेले. पोट मडक्यासारखे फुगले होते, पाय सुजले होते, शेवटी शुद्ध हरपली. त्या वेळी कोणी म्हणाले मोहाची दारू भोवली, कोणी म्हणाले करणी आहे. बंधू दारू पीत, हे खरे. पण त्यांच्याहून अधिक पिणारे त्यांच्या तेरवीला जेवून गेले. त्यांचे रक्त कोणी तपासले नव्हते, म्हणून आज आम्ही निश्चित काही म्हणू शकत नाही. मात्र हे विष आईकडून बाळंतपणात मुलास येते आणि भावंडांत एकाहून अधिक जणांस असू शकते, हे कळल्यापासून त्यांच्या मरणाकडे आम्ही पूर्वीच्या दृष्टीने पाहू शकलेलो नाही.

आता कावीळ या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण सारा घोटाळा या एका शब्दाने केला आहे. डोळे पिवळे झाले की आपण कावीळ म्हणतो, आणि वैदूकडे जाऊन माळ घालून घेतो. दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ असते, जिला डॉक्टर ए आणि ई म्हणतात, ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपणहून उतरते. माळही तेवढ्याच अवधीत लांबत जाते. श्रेय माळेस मिळते. (ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीस मात्र जिवावर बेतू शकते, तेथे माळेवर विसंबू नये.) आपल्या भागातील सिकलसेलच्या मुलांचे डोळेही पिवळे दिसतात, त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून ते होते, यकृत बिघडलेच असेल असे नाही. बी आणि सी यांची तऱ्हा याहून वेगळी आहे. ती रक्तातून येतात आणि पुष्कळदा डोळे पिवळे न करताच वीस-पंचवीस वर्षे यकृतात बसून राहतात. धान वरून हिरवेगार दिसावे आणि खोडकिड्याने आतून पोखरलेले असावे, तसे हे आहे. यकृत कठीण होते, पोटात पाणी होते, क्वचित कर्करोग होतो. जन्मतःच बी चा संसर्ग झालेल्या दहा अर्भकांपैकी सुमारे नऊ जणांत तो कायम राहतो. धडधाकट प्रौढास झाला तर शंभरात पाचांहून कमी जणांत राहतो. म्हणून हा रोग मुख्यतः पाळण्यापासूनचा आहे. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने, पाठीवर हात ठेवल्याने तो होत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम सावकाश उच्चारतो, कारण आमच्याच घरात एका नातलगाने आमची थाळी वेगळी काढली होती.

बी विषाणूचा शोध कसा लागला ते ऐकून आपणांस नवल वाटेल. बारूख ब्लूमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ जगातील निरनिराळ्या लोकांचे रक्त ताडून पाहत होते. न्यूयॉर्कच्या एका रुग्णास अनेकदा रक्त चढविले गेले होते. त्याच्या रक्ताशी दूरच्या ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताची प्रतिक्रिया झाली. १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्या घटकास ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव पडले. पुढे तो या काविळीच्या विषाणूचा अंश ठरला. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. रक्त देणाऱ्या त्या आदिवासी बांधवाचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नाही. जगातील कोट्यवधी मुलांना टोचली जाणारी लस ज्या शोधातून निघाली, त्याच्या मुळाशी आपल्यासारख्याच एका रानावनातील माणसाचे रक्त आहे. सुई टोचून घेण्यास आपले लोक कचरतात तेव्हा ही हकिकत आम्ही त्यांना सांगतो.

हेच ब्लूमबर्ग आपल्या भुईआवळीपर्यंतही पोहोचले होते. मद्रासच्या संशोधकांनी त्यांच्या सहकार्याने त्या वनस्पतीची भुकटी बी च्या रुग्णांना देऊन पाहिली, आणि १९८८ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात पत्रात मोठा आशादायक निष्कर्ष छापून आला. पुढे इतर ठिकाणी तोच प्रयोग करून पाहता तसा गुण कोणास आढळला नाही. आम्ही हे एवढ्याकरिता सांगतो की, आपल्या झाडपाल्याची कोणी परीक्षाच घेतली नाही ही तक्रार येथे तरी लागू नाही. आम्हीही पहिले सहा महिने भुईआवळी घेतली. तिने अपाय झाला नाही. रक्तातील विष होते तेवढेच राहिले.

आता औषध. आम्ही घेतो त्या गोळीचे नाव टेनोफोविर. ती प्रथम २००१ साली एचआयव्हीकरिता निघाली, नंतर २००८ साली अमेरिकेत बी काविळीकरिताही तिला मान्यता मिळाली. ती विष समूळ काढीत नाही, दाबून ठेवते. म्हणून ती दीर्घकाळ घ्यावी लागते. रक्तात बी निघाले म्हणजे प्रत्येकास गोळी लागतेच असेही नाही. विषाणू किती आहे, यकृत किती बिघडले आहे, हे तपासून डॉक्टर ठरवितात. सी काविळीचे याहून भाग्य चांगले. तिची नवी औषधे बहुतांशी बारा आठवड्यांत शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जणांना पूर्ण बरे करतात. त्यांतील सोफोसबुविर ही गोळी २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आली तेव्हा एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती. बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांना ८४,००० डॉलर! आमच्या साऱ्या नोकरीचे वेतन एकत्र केले तरी तेवढे होईल की नाही, याचा हिशेब आम्ही करून पाहिला आणि मध्येच सोडून दिला.

ही औषधे आपल्या आवाक्यात आली ती आपोआप नव्हे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधावर मक्ता न देता ते बनविण्याच्या कृतीवरच दिला. त्यामुळे तीच औषधे निराळ्या कृतीने बनविणारे कारखाने या देशात उभे राहिले. २००५ पासून कायदा बदलला आणि औषधावरही पेटंट मिळू लागले. तथापि टेनोफोविरच्या अर्जांना कारखानदारांबरोबर रुग्णांच्या संघटनांनीही हरकत घेतली आणि २००९ साली आपल्या पेटंट कार्यालयाने ते अर्ज नाकारले. रुग्ण एकत्र येऊन एवढ्या मोठ्या कंपनीच्या अर्जाविरुद्ध उभे राहिले, ही गोष्ट आपल्या समाजाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सोफोसबुविरचे परवाने २०१४ साली भारतीय कंपन्यांना मिळाले आणि किंमत कोसळली. शेवटी २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी यांची तपासणी व औषधे विनामूल्य ठरली. आमच्या रक्ताचा निकाल त्यानंतर महिनाभराने आला. नशीब म्हणतात ते हेच, असे आम्हांस वाटले.

परंतु नशिबाची गाडी एका ठराविक स्थानकापर्यंतच येते. पुढे पायी जावे लागते.

आम्हांस मोठ्या शहरातील एका शासकीय केंद्रातून गोळ्या मिळू लागल्या. केंद्राचे नाव आम्ही घेत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. एका वेळी एका महिन्याच्या गोळ्या मिळत. पहाटे उठून दरेकसा स्थानक गाठावयाचे, गाडीने गोंदिया, तेथून पुढची गाडी; नागपूर धरले तर गोंदियाहून ते १३० किलोमीटर आहे. चिठ्ठीची रांग, डॉक्टरांची रांग, औषधाची रांग. तोवर खिडकी बंद झाली तर मुक्काम. आम्ही निवृत्तिवेतनधारक, आमचे चालून गेले. त्या रांगेत आमच्याच तालुक्यातील एक बाई भेटत. रोवणीचे दिवस आले की त्या येईनाशा झाल्या. पुढे बाजारात भेटल्या तेव्हा आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मले तं काई दुखत नाही, मंग दोन दिवसाची मजुरी बुडवून गोळी कायले आनू?” आम्ही त्यांना उत्तर दिले ते पुस्तकी होते. त्यांचा हिशेब पोटाचा होता. रोवणी, कापणी, मोहफुले, तेंदूपाने, या चार हंगामांत आपल्याकडच्या रुग्णाच्या गोळ्या तुटतात. कोणत्याही कागदावर हे कारण लिहिलेले आढळणार नाही. तेथे ‘रुग्ण आला नाही’ एवढीच नोंद असते.

मग मार्च २०२० उजाडला. करोनाची टाळेबंदी झाली, प्रवासी गाड्या थांबल्या. आमच्यापाशी अठरा गोळ्या होत्या. येथे आम्ही दोन चुका केल्या, त्या कबूल करतो. पहिली चूक अशी की, त्या बाईंच्या गोळ्या पुन्हा संपल्या आहेत असे कळले, तेव्हा आम्ही आमच्यातील सहा त्यांना नेऊन दिल्या. दुसरी अशी की, उरलेल्या बारा आम्ही एकाआड एक दिवस घेऊ लागलो. दुष्काळात धान पुरवून पुरवून खावयाचे, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले आहे. आजीने एका पायलीवर आठवडा काढलेला आम्ही पाहिला आहे. त्याच न्यायाने आम्ही औषध पुरवावयास निघालो, आणि कोणाचे भले केले याचे समाधानही मानले. परंतु अर्धे जेवलेला माणूस अर्धा तरी धरून राहतो. या गोळीचे तसे नाही. रक्तात औषधाचा धाक रोजचा रोज राहावा लागतो. तो सुटला की दबलेला विषाणू उसळून उठू शकतो, आणि उसळला म्हणजे कधी कधी आरंभीच्या आजाराहून अधिक घात करतो.

एप्रिल संपता संपता आमची पुडी रिकामी झाली. ई-पास मिळविण्याची खटपट झाली. मेच्या अखेरीस एका वाहनाने आम्ही केंद्रावर पोहोचलो तो उत्तर मिळाले, “साठा आलेला नाही, पुढच्या सोमवारी या.” मग खाजगी दुकाने पालथी घातली. लहान गावच्या दुकानांत ही गोळी ठेवीत नाहीत. एका दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि भर गिऱ्हाइकांत मोठ्याने विचारले, “हे तर एड्सचे औषध, कोणाकरिता हवे?” आम्ही चिठ्ठी परत घेतली आणि काही न बोलता बाहेर पडलो. इतकी वर्षे ज्याने वर्गात मुलांना उत्तरे शिकविली, त्यास त्या वेळी एक वाक्याचे उत्तर सुचले नाही. आज सुचते: होय, हे तेच औषध आहे, एकच विळा धानही कापतो आणि गवतही. पण ज्या दिवशी हवे होते त्या दिवशी ते सुचले नाही, आणि त्या दुकानात पुन्हा जाण्याचे धैर्य झाले नाही. औषध तेथे होते की नव्हते, हे आम्हांस आजही माहीत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे झाले, अन्नाची वासना गेली, लघवी चहासारखी होऊ लागली. सतरा दिवस रुग्णालयात काढले. वाचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता येत नव्हते. त्या बाईंना आम्ही दिलेल्या सहा गोळ्यांनी सहा दिवसांपलीकडे काहीच झाले नाही. त्या पुढल्या वर्षी पोटात पाणी होऊन गेल्या. त्यांच्या मरणाचे कारण आम्ही ठरवू शकत नाही. त्यांचे यकृत आधीच पुष्कळ कठीण झाले होते असे डॉक्टरांचे म्हणणे. परंतु गोळ्या वाटण्याऐवजी त्या वेळी गोळ्या आणण्याची काही व्यवस्था आम्ही केली असती तर, हा विचार रात्रीची गोळी हातात घेतली की अजून येतो.

बरे झाल्यावर आम्ही एक गोष्ट करावयास घेतली. ती लहान आहे, आणि तिच्यातील उणिवा आम्हांस ठाऊक आहेत.

आपल्याकडे कितीही टंचाई पडो, बियाण्याच्या कोठीस कोणी हात लावीत नाही. लेकरे रडली तरी बियाणे बियाणेच राहते. आम्ही ठरविले की घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या बियाण्याप्रमाणे वेगळ्या ठेवावयाच्या. संपण्याची वाट न पाहता दहा-बारा दिवस आधीच केंद्रावर जावयाचे. हळूहळू तेवढी शिल्लक साठली. जुनी पुडी आधी वापरावयाची आणि नवी बियाण्यात टाकावयाची, म्हणजे मुदत उलटत नाही. हे इतके साधे आहे की सांगावयास संकोच वाटतो. पण २०२० मध्ये ते आमच्यापाशी असते तर निदान आमच्या पदरच्या चुका टळल्या असत्या.

दुसरे, आम्ही केंद्रातील अधिकाऱ्यांना भेटून सरळ विचारले की, रोवणीच्या दिवसांत प्रत्येक मजुराने येण्याऐवजी एकाने चौघांच्या गोळ्या नेल्या तर चालेल काय? प्रथम ते नाही म्हणाले. त्यांचीही अडचण होती. औषध भलत्याच्या हाती जाऊ नये. मग आम्ही लेखी अर्ज दिला. शेवटी असे ठरले की, रुग्णाचे कार्ड, त्याच्या सहीचे किंवा अंगठ्याचे पत्र आणि गोळ्यांची रिकामी डबी घेऊन आलेल्या माणसास औषध द्यावे, आणि रक्ततपासणीच्या वेळी रुग्णाने स्वतः यावे. ही तपासणी टाळून चालत नाही, कारण या गोळीचा मूत्रपिंडावर परिणाम होत नाही ना हे अधूनमधून पाहावे लागते. हंगामात दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्यासही त्यांनी मान्यता दिली. मागितले नसते तर मिळाले नसते; आणि मागणारा एकटा रुग्ण असता तर कदाचित मागितल्यावरही मिळाले नसते.

येथवर सारे ठीक. खरी अडचण पुढे आली. चौघांच्या गोळ्या आणावयाच्या म्हणजे ते चौघे कोण हे आणणाऱ्यास कळणार. आणि आपल्या समाजात सोयरीक जुळविताना काय काय विचारले जाते ते आपण जाणतो. एका मुलीच्या बापाने आमच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हटले, औषध नको, पण नाव कोठे लिहू नका. आम्ही स्वतः नाव लपवून बसलेले. त्यास काय उपदेश करणार? तेव्हा आम्ही बंद पाकिटाची रीत काढली. पाकिटावर फक्त कार्डाचा क्रमांक. आत कार्डाची प्रत व पत्र. परतताना औषधही बंद पाकिटात. पाकीट देण्यास रुग्णाचा कोणीही माणूस येवो, आम्ही विचारीत नाही. आज सात पाकिटे जातात. त्यांतील तिघे कोण हे आम्हांस अद्याप ठाऊक नाही, आणि ते तसेच राहावे.

ही व्यवस्था एका म्हाताऱ्याच्या पायांवर चालली आहे, ही तिची सर्वांत मोठी उणीव. आमचा भाचा मदत करतो, पण त्यास नोकरी लागली की तो जाणार. यास्तव समाजाच्या कार्यकारिणीपुढे आमची मागणी अशी आहे की, यात्रेच्या निधीतून दरमहा दोन फेऱ्यांचे गाडीभाडे व एका माणसाची दोन दिवसांची मजुरी द्यावी. आम्ही हिशेब मांडला आहे. मांडवाच्या विद्युत रोषणाईच्या एका रात्रीच्या खर्चात वर्ष निघते. रोषणाई बंद करा असे आम्ही म्हणत नाही. एक रात्र थोडे दिवे कमी लावा.

तपासणीविषयीही दोन शब्द. गरोदर भगिनींनी बी ची तपासणी अवश्य करून घ्यावी. आईच्या रक्तात विष निघाले तर बाळास जन्मापासून २४ तासांच्या आत लस टोचावयाची असते, आणि त्यासोबत निराळे इंजेक्शन द्यावयाचे की काय, आईस गोळी द्यावयाची की काय, ते डॉक्टर सांगतात. घरी बाळंतपण झाले की हे २४ तास हातचे जातात. ही लस २०११ पासून देशभर सर्व बालकांना सरकारी लसीकरणात मिळते. त्याआधी जन्मलेल्या आपल्या सुना-लेकींना बहुधा ती मिळालेली नाही. आमच्या पत्नीच्या रक्तात काही निघाले नाही. त्यांनी तीन सुया घेतल्या. सिकलसेलच्या ज्या मुलांना पूर्वी वारंवार रक्त चढविले गेले आहे, त्यांनी सी चीही तपासणी करावी. ती निघाली तरी बारा आठवड्यांचे औषध आहे, घाबरण्याचे कारण नाही.

मोहाविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो. पेनांस धार घालण्याच्या आड आम्ही येत नाही, ती आपली रीत आहे. पण ज्याच्या यकृतात हा आजार बसला आहे त्याने ती धार पेनांपुरतीच ठेवावी. आम्ही सात वर्षे भूमीवर थेंब वाहतो आणि पळसाचा द्रोण पालथा घालतो. अद्याप कोणते पेन आमच्यावर रुष्ट झाले नाही.

आमच्या बोलण्यानंतर काहीजण आमच्या हातचे पाणी घेणार नाहीत, हे आम्ही धरून चाललो आहोत. आज दुपारी सहपंक्तीत आम्ही नेहमीच्या जागी, दक्षिणेच्या खांबाजवळ बसू. शेजारची जागा रिकामी राहिली तर राहो.

परवा बुधवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघणार. ज्यांची पाकिटे द्यावयाची असतील त्यांनी ती उद्या संध्याकाळपर्यंत आमच्या घरच्या ओसरीवरील लाकडी पेटीत टाकावीत. पेटीस कुलूप आहे, वर फट आहे, आणि त्या वेळी ओसरीवर कोणी बसलेले नसेल याची तजवीज आम्ही केली आहे. जय सेवा!